तक्त्यावरची शेवटची ओळ

रविवारी दुकान बंद असे, पण घरातलं कुठलंही मोठं बोलणं दुकानातच व्हायचं, ही अण्णांनी घालून दिलेली पद्धत होती. घरात बोलायला बसलं की माणसं रुसून दुसऱ्या खोलीत जातात, आणि चष्म्याच्या दुकानाला दुसरी खोलीच नाही, असं त्यांचं साधं गणित. थोरल्याचं लग्न इथेच ठरलं. धाकट्याने शहरात नोकरी धरल्याचं इथेच सांगितलं. आणि तीस वर्षांपूर्वी आत्याचं शिक्षण इथेच, काच घासायच्या चाकाशेजारच्या या उंच स्टुलावर थांबलं होतं.

आज त्याच स्टुलावर आत्या तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती.

ती खरं तर फक्त ढापणीची आत्या. पण ढापणी जन्मली आणि सगळं घरच तिला आत्या म्हणायला लागलं; भाऊ, भावजय, एवढंच काय, जन्मदाता बाप, म्हणजे अण्णासुद्धा. ढापणीचं नावही असंच पडलेलं. चौथ्या वर्षी तिला चष्मा लागला, धाकट्या काकाने पहिल्याच दिवशी 'ए ढापणी' म्हणून हाक मारली, आणि पोरीने रडायचं सोडून झक्कपैकी 'ओ' दिली. आता ती अठरा वर्षांची होती. ऑप्टोमेट्रीला, म्हणजे डोळे तपासायच्या चार वर्षांच्या शिक्षणाला, तिला तीन ठिकाणी प्रवेश मिळत होता, आणि उद्या दुपारी बाराच्या आत त्यातल्या एका ठिकाणी हो म्हणायचं होतं.

कॉलेजांची खरी नावं लांबलचक होती. घरात कुणी ती घेत नसे. 'जवळचं', 'चकचकीत' आणि 'लांबचं', एवढ्यावर भागायचं.

"माझं म्हणणं सरळ आहे," थोरला म्हणाला. तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे सांभाळायचा, त्यामुळे त्याचं कुठलंही म्हणणं अंतरापासून सुरू होई. "जवळचं कॉलेज. सायकलने बारा मिनिटं. जेवायला घरी, झोपायला घरी. खर्च फक्त फीचा."

"आणि शिकायला कुठे?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे?"

"जेवायला घरी, झोपायला घरी, ते कळलं. शिकायचं कुठे? दिवसाला सहा पेशंट येतात तिथे. मी स्वतः बाकावर बसून मोजलेत. उरलेला वेळ पोरं एकमेकांचे डोळे तपासतात."

वहिनी, ढापणीची आई, शाळेत शिकवायची. ती बोलली की थोरला हातावर हात ठेवून बसायचा, आणि हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"वहिनी बरोबर बोलतेय," धाकटा म्हणाला. तो सकाळच्या गाडीने आला होता आणि येताना चकचकीत कॉलेजचं गुळगुळीत माहितीपुस्तक घेऊन आला होता. "हे बघा. प्रत्येक खोलीत नवं मशीन. चौथ्या वर्षी नोकरी हातात. राहायला माझ्याकडे, माझी मागची खोली रिकामीच आहे."

"फी बघितलीस?" थोरला म्हणाला. "दुकानाचा चार वर्षांचा गल्ला होतो तो."

"अर्धी मी भरतो."

हे तो अगदी सहज बोलून गेला. आत्याला त्याचं फार कौतुक वाटलं. हाच लहानपणी पेन्सिलीचं टोकसुद्धा कुणाला द्यायचा नाही. माणूस बदलतो तो असा, आपलं लक्ष नसताना.

"लांबच्याबद्दल कुणीच बोलत नाही," थोरला म्हणाला, "ते बरंच आहे. सोळा तास लागतात जायला. मध्ये गाडी बदलायची."

सगळ्यांनी ढापणीकडे पाहिलं, कारण लांबच्याचा हट्ट तिचाच होता. महिनाभर तिने एक वही बाळगली होती. जिथे जाई तिथे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून ती एकच प्रश्न विचारायची: तू आजवर किती माणसांचे डोळे तपासलेस? जवळच्या कॉलेजातल्या मुलाने आठवून आठवून अकरा सांगितले. चकचकीतमधल्या मुलीने मशीनकडे बोट दाखवून 'हेच तपासतं' म्हटलं. लांबच्या कॉलेजला जोडून मोठं धर्मादाय इस्पितळ होतं, तिथल्या मुलीने केसांत खोचलेली पेन्सिल काढून डोकं खाजवलं आणि म्हणाली, "पहिल्या वर्षी मोजत होते."

आज मात्र ढापणीने वही आणलीच नव्हती.

"मी जवळच्यात जाते," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "बाबा म्हणतात तसं."

थोरल्याचा चेहरा खुलला. वहिनीचा पडला. धाकट्याने माहितीपुस्तक मिटलं, परत उघडलं.

"अगं, परवापर्यंत तर तू..." वहिनी तिच्याकडे वळली. "काय झालं तिकडे? कुणी काही बोललं का तुला? आत्या, तुम्ही होतात ना बरोबर?"

आत्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णा खुर्चीत बसून चहा पीत होते आणि कप रिकामा होऊन बराच वेळ झाला होता.

काय झालं ते तिघांनाच माहीत होतं. कॉलेज बघायची अण्णांची स्वतःची रीत होती. इमारत बघायची नाही, साहेबाला भेटायचं नाही. सरळ पेशंट होऊन रांगेत बसायचं आणि पोरं कशी तपासतात ते बघायचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, कुणाला संशय येणार? तिन्ही ठिकाणी ते असे तपासून आले होते.

जवळच्या कॉलेजात भिंतीवर तोच तक्ता होता जो या दुकानात पन्नास वर्षं टांगलेला होता. वर भला मोठा 'क', खाली उतरत्या ओळी, आणि सगळ्यात खाली मुंगीएवढी सात अक्षरं: र भ न ग ट ल व. अण्णांनी एकेक डोळा झाकून ती खणखणीत म्हणून दाखवली, पोराने 'उत्तम' लिहिलं. चकचकीतमध्ये मशीनपुढे हनुवटी टेकवली, चिठ्ठी बाहेर आली, चष्म्याचा नंबर अगदी बरोबर. एक शब्दही कुणी बोललं नाही. लांबच्या कॉलेजात पुन्हा तोच तक्ता. अण्णांनी उजवा डोळा झाकला आणि डाव्याने ओळ म्हटली. पेन्सिलवाली मुलगी तक्त्याकडे नाही, अण्णांकडेच बघत होती.

"आजोबा, छान म्हणता," ती म्हणाली. "आता हीच ओळ उजवीकडून वाचा बरं."

अण्णा हसले. मग वाचू लागले. "ट, ग, न, भ, र."

"ट च्या पलीकडे काही आहे का?"

"काही नाही."

आणि मग आत्याने बघितलं, अण्णांचे ओठ हलले. र भ न ग ट... आणि थांबले. ल आणि व कुठे गेले, हे त्यांनी स्वतःच मनातल्या मनात शोधून काढलं. ते खोटं बोलले नव्हते. पन्नास वर्षं पाठ असलेली अक्षरं त्यांना दिसतच होती, फक्त डोळ्यांनी नव्हे.

मुलीने बोटं नाचवून बाजूची नजर तपासली आणि मोठ्या बाईंना बोलावलं. बाईंनी दुपारभर तपासण्या केल्या. काचबिंदू. डाव्या डोळ्याची एका बाजूची नजर गेलेली, ती परत येणार नाही. उरलेली, आणि उजवा डोळा, औषधाच्या थेंबांनी सांभाळता येईल. थेंब मात्र रोज, चुकवायचे नाहीत. 'वर्षभर उशीर झाला असता तर' एवढं बोलून बाईंनी थेंबांची चिठ्ठी लिहायला घेतली.

परतीच्या गाडीत अण्णांनी दोघींकडून वचन घेतलं होतं. आधी कॉलेज ठरू दे, मग माझा डोळा. नाहीतर पोरीचं कॉलेज माझा डोळा ठरवील.

आणि आता नेमकं तेच झालं होतं. ढापणीने तोंड उघडलं नव्हतं, पण म्हाताऱ्याचे थेंब घालायला ती घरी राहायला निघाली होती. तीस वर्षांपूर्वी चाकात अण्णांचा हात सापडला होता, दुकान बंद पडायची वेळ आली होती, आणि याच अभ्यासक्रमाचं पत्र हातात घेऊन तीही याच आवाजात म्हणाली होती, 'मी इथेच थांबते'. तेव्हा कुणीही 'का' म्हणून विचारलं नव्हतं.

"वहिनी," ती म्हणाली, "काय झालं ते सांगते. पण आधी..."

"तू नको," अण्णा म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. "थोरल्या, ऊठ. त्या खुर्चीत बस."

"आत्ता?"

"आत्ता. उजवा डोळा झाक. शेवटची ओळ वाच."

थोरला कुरकुरत खुर्चीत बसला, हात डोळ्यावर धरला आणि शाळेत कविता म्हणावी तसा म्हणाला, "र भ न ग ट ल व."

धाकटा खो खो हसायला लागला. "अरे, तू दोन्ही डोळे मिटलेत!"

"मिटले का?" थोरला खरोखरच चकित झाला.

"तू वाच," अण्णा धाकट्याला म्हणाले.

धाकट्याची तक्त्याकडे पाठ होती. त्याने वळायचेही कष्ट घेतले नाहीत. "रभनग टलव. अण्णा, याच्यावर तर आम्ही लपाछपीचं राज्य घ्यायचो."

"सूनबाई?"

"मला लग्नानंतर आठ दिवसांत पाठ झाली," वहिनी म्हणाली. "घरात सगळे सारखे म्हणतच असायचे. मला वाटलं कुळाचार आहे."

आता सगळेच हसले, ढापणीसुद्धा. अण्णाही हसले आणि मग तक्त्याकडे वळले.

"म्हणजे बघा," ते म्हणाले. "गावाचे डोळे आपण तपासले. आणि या घरात एकाचेही डोळे आजवर तपासलेले नाहीत."

"ढापणीचे तपासलेत की," वहिनी म्हणाली. "म्हणून तर चष्मा लागला."

"ती सापडली, कारण तेव्हा तिला अक्षरं येत नव्हती."

वहिनीने हळूच लेकीचा हात धरला.

"मी परवा सापडलो," अण्णा म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलीची पेन्सिल, उलटी ओळ, बाईंचा निकाल. आजाराचं नाव घेताना त्यांचा आवाज चाक फिरताना येतो तसा एकसारखा होता. "ल आणि व माझ्यासाठी संपले. बाकीची पाच शाबूत आहेत."

धाकटा उठला आणि नुसताच अण्णांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. थोरल्याला काय करावं सुचेना, म्हणून तो रागावला.

"आणि हे आम्हाला आज कळतंय! आत्या, तू दर वर्षी तपासतेस ना त्यांना?"

"तपासते," आत्या म्हणाली. गेल्या दोन रात्री हेच तिला खात होतं. "याच तक्त्यावर. आणि वहीत मीच 'ठीक' लिहिते. समोर बसलेला माणूस अक्षरं बघतोय की म्हणतोय, हे मला कळायला हवं होतं रे. नाही कळलं."

"कसं कळणार?" अण्णा म्हणाले. "तुला मीच शिकवलं, माझं जेवढं होतं तेवढंच. त्या वर्षी तुला जाऊ दिलं असतं, तर त्या पोरीच्या आधी तूच मला पकडलं असतंस." त्यांनी मान वर केली. "तू होतीस म्हणून हे दुकान उभं आहे आणि ही सगळी शिकली. हे मी कधी बोललो नाही. म्हातारा झालो तरी बोललो नाही. आज बोलतो."

आत्याने पदराने डोळे पुसले. वर्षानुवर्षं तिने हे वाक्य ऐकायचं मनातून काढून टाकलं होतं. ते असं भर रविवारी, सगळ्यांसमोर मिळेल असं वाटलं नव्हतं. "माझं काही वाईट झालं नाही, अण्णा," ती म्हणाली. "मला हे दुकान आवडतं. पण बोललात ते फार बरं केलंत."

"मग तर प्रश्नच मिटला," थोरला म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "अण्णांची ही अशी तब्येत. ढापणी इथेच राहू दे. तीच म्हणतेय."

"ती कशासाठी म्हणतेय ते विचार," अण्णा म्हणाले.

कुणी विचारायच्या आधीच ढापणी म्हणाली, "थेंब कोण घालणार? दोन वेळा, रोज, ठरलेल्या वेळी. आत्याची सकाळी दुकान उघडायची वेळ असते. अण्णा स्वतः घालतात ते गालावर जातात. मी कालपासून बघतेय."

"थेंब मी घालीन," वहिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. महिनाभर लांबच्या कॉलेजच्या आड थोरल्याइतकीच तीही उभी होती. सोळा तास म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची.

"सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला," ती म्हणाली. "शाळेची घंटा एकवेळ चुकेल, अण्णांचा थेंब चुकणार नाही. तू तुझं बघ." मग धाकट्याकडे वळून, "भाऊजी, रागावू नका. तुमच्या कॉलेजात मशीन चांगली आहेत. पण त्या पोरीने मशीनशिवाय ओळखलं."

"मी कशाला रागावू?" धाकटा खुर्चीमागूनच म्हणाला. "अर्धी फी काढून ठेवलीच होती. त्यातून तिची जायची-यायची तिकिटं माझी. चार वर्षं. आणि गाडी बदलायची जागा माझ्याच शहरात आहे, म्हणजे दर वेळी एक मुक्काम माझ्याकडे. बघा, मी काही हरलो नाही."

राहता राहिला थोरला. त्याने खिशातून कागद काढला, त्यावर एक रेघ ओढली, गाडी बदलायची तिथे टिंब दिलं. मग तो त्या रेघेवरून बोट फिरवू लागला. आत्याला त्याचं मन स्वच्छ दिसत होतं. त्याला अंतराशी भांडण नव्हतं, संध्याकाळी दार उघडल्यावर पोरगी समोर नसेल याचं भय होतं.

"अण्णा," तो शेवटी म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं?"

"माझं सोपं आहे. दोन कॉलेजांना मी फसवलं. तिसऱ्याने मला पकडलं. जिथे मला पकडलं तिथे पोरीला पाठवायचं."

थोरल्याने कागदाची घडी केली आणि ढापणीला दिली. "सोळा तास काही फार नाहीत," तो म्हणाला. "सुट्टीत मीही येईन. मला बघायचंय ती पेन्सिलवाली कोण. तिला एकदा नमस्कार करायचाय."

"मीच पत्र लिहितोय तिला," अण्णा म्हणाले. "नाव विचारायचं राहिलं. केसांत पेन्सिल, एवढंच लिहीन पाकिटावर."

ढापणी अण्णांच्या गळ्यात पडली, मग आईच्या, मग बापाच्या, आणि मग डोळे पुसून चष्मा पुसून एकदम कामाला लागली. लाकडी पेटीतून तपासायची जड फ्रेम काढून ती आत्यासमोर उभी राहिली.

"बस खुर्चीत."

"मला कशाला? माझी नजर बघितलीयेस का? घारीची आहे."

"म्हणून बिलं हात लांब करून वाचता," वहिनी म्हणाली. "हात पुरेनासे झालेत आता."

आत्या बसली. फ्रेम नाकावर जड लागली. हजारो नाकांवर तिने ती ठेवली होती, स्वतःच्या नाकावर आजच.

"खालून तिसरी ओळ. उजवीकडून."

आत्याने बघितलं. डावीकडून बघितलं असतं तर ओळ तिच्यासाठी आपोआप उमटली असती. उजवीकडून मात्र तिथे फक्त काळे ठिपके होते, एकमेकांना चिकटलेले. तिला हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. "नाही दिसत गं," ती म्हणाली.

ढापणीने एक काच खाचेत सरकवली. मग ती काढून दुसरी. "ही बरी की आधीची?"

"ही."

आणि ठिपके सुटे झाले. अक्षरांना कडा आल्या. तिसरी ओळ, दुसरी ओळ, शेवटची ओळ. आणि तिच्याही खाली आत्याला काहीतरी दिसलं, धुरकट रेघेसारखं.

"तक्त्याला खाली अजून एक ओळ आहे?"

"नाही," थोरला आणि धाकटा एकदमच म्हणाले.

आत्या ती अवजड फ्रेम नाकावर सावरत उठली, तक्त्यापाशी गेली, वाकली. ओळ होती. केसाएवढ्या बारीक अक्षरांत, पन्नास वर्षं तिथेच छापलेली. तिने ती मोठ्याने वाचली.

"'पाहणाऱ्यास ओळी पाठ होऊ नयेत यासाठी हा तक्ता दर वर्षी बदलावा.'"

अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. थोरला हसता हसता खुर्चीत कोसळला. वहिनी 'कुळाचार, कुळाचार' म्हणत भिंतीला टेकली. आणि धाकटा, चौदा वर्षांपूर्वीच्या त्याच खोडकर आवाजात ओरडला, "ए ढापणी!"

ढापणीने सवयीने तोंड उघडलं. पण तो तिच्याकडे बघत नव्हता.

तक्त्यासमोर, नाकावर काचा घेऊन उभ्या असलेल्या आत्याने वळून पाहिलं आणि झक्कपैकी 'ओ' दिली.